कच्चे बोल

“हे ‘मी तळाशी निवांत’ म्हणजे काय रे?” काकूंनी विचारलं. आजचीच नव्हे, रोजचीच ही विचारणा होती.

ठोक्याने कप खाली ठेवला. बँडमध्ये ड्रम वाजवायचा म्हणून तो ठोक्या आणि काकूंचा मुलगा गायचा म्हणून भोंगा. ही नावं दोघांनी शाळेतच एकमेकांना देऊन टाकली होती. भोंगा आता नव्हता. पुलाच्या वळणावर त्याची मोटारसायकल कठडा तोडून नदीत गेली. त्याच दुपारी त्याने फोनवर एक नवं गाणं रेकॉर्ड करून ठोक्याला पाठवलं होतं. बँडने ते त्याची आठवण म्हणून होतं तसं लोकांसमोर ठेवलं आणि तिथेच घोटाळा झाला.

वर पाणी हलतंय, मी तळाशी निवांत,
घड्याळ काढून ठेवलंय, आता कुठे जायचं नाही,
पांढरं कुणी खुणावतंय, ये म्हणतंय, ये.

लोकांनी या ओळींचा नुसता कीस पाडला. पाणी म्हणजे नदी, घड्याळ म्हणजे आयुष्य, पांढरं कुणी म्हणजे मृत्यू. पोराने आधीच सगळं सांगून ठेवलं होतं म्हणे. एका प्राध्यापकांनी त्यावर लांबलचक लेख लिहिला आणि कुणा भल्या माणसाने तो काकूंना वाचून दाखवला. तेव्हापासून काकूंचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

“त्याला पोहता येत होतं,” काकू म्हणाल्या. “मग तो वर का नाही आला?”

“मार लागला होता काकू. डॉक्टरांनी सांगितलं ना?”

“डॉक्टरांनी गाणं ऐकलं नव्हतं.”

ठोक्याने हात टेकले. मग पुन्हा पहिल्यापासून समजावलं. भोंग्याला आधी चाल सुचायची, शब्द नंतर. तोवर डोळ्यांसमोर जे दिसेल ते तो चालीत कोंबायचा. बँडमध्ये याला कच्चे बोल म्हणत. पुढे खरे शब्द आले की कच्चे फेकून द्यायचे. एकदा मात्र फेकायचे राहिले. ‘तीन पायांवर उभं राज्य’ हे गाणं लोकांनी सरकारवरची टीका म्हणून डोक्यावर घेतलं, आणि ती होती तालमीच्या खोलीतली मोडकी खुर्ची. प्राध्यापक तेव्हाही हेच होते.

काकू हसल्या नाहीत.

“म्हणजे जे दिसत होतं तेच तो गायला?”

“तेच. दुसरं काही नाही.”

“मग ती खोली दाखव मला. जिथे पडल्यावर वर पाणी दिसतं, ती. बघितली की मानेन, माझं पोर मरायला गेलं नव्हतं.”

झालं, ठोक्याने शहर पालथं घातलं. तळ्याकाठचं हॉटेल पाहिलं, पोहण्याच्या तलावाखालचं पंपघर पाहिलं. माशांच्या टाक्यांच्या दुकानात काकूही बरोबर आल्या. त्यांनी मालकाला मुलाचा फोटो दाखवला आणि हा इथे कधी झोपला होता का, असं विचारलं. मालक भला, त्याने त्यांना बसायला स्टूल दिलं. परतताना काकू रिक्षात तो फोटो पदराने पुसत राहिल्या, आणि ठोक्याला स्वतःची मनस्वी चीड आली.

घरी आल्यावर त्याने हे सगळं बायकोला सांगितलं. बायको नर्स होती, सकाळची पाळी करून दुपारी घरी यायची. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“तो सुखात होता,” ती म्हणाली. “काकूंना तेवढं सांग.”

“कशावरून?”

“आवाजावरून.”

“काकूंना आवाज नकोय, खोली हवीय.”

“मग नको शोधूस. पुरे झालं आता.”

घरोघरी अर्थ सांगणारे निपजले होते, त्यात आणखी एकीची भर, असं म्हणून ठोक्याने विषय सोडला.

पुढच्या आठवड्यात त्याला सणसणून ताप भरला. तो शिकवायचा त्या संगीतशाळेतून त्याला भरदुपारी घरी पाठवलं. सकाळ-संध्याकाळ वर्ग आणि सुट्टीला कार्यक्रम, या गडबडीत घरात दुपारी आडवं व्हायची त्याला सवयच नव्हती. बायकोने त्याला खिडकीकडच्या आपल्या बाजूला झोपवलं, पडदा ओढून घेतला आणि ती औषध आणायला आत गेली. त्याने पडल्या पडल्या हात लांबवून पडदा पुन्हा उघडला, वाऱ्यासाठी, आणि डोळे मिटले. तेवढ्यात फोन वाजला. काकू होत्या.

“तुला किती छळलं रे मी,” त्या म्हणाल्या. “आता नाही विचारणार. आज शेवटचं सांग. सापडली का खोली? नसेल सापडली तर सरळ नाही म्हण. त्याला जायचंच होतं, अशी समजूत घालून घेईन मनाची.”

आणखी थोडे दिवस द्या, असं म्हणायला ठोक्याने डोळे उघडले.

छतावर पाणी हलत होतं. समोरच्या बुटक्या इमारतीच्या गच्चीवर बिनझाकणाची टाकी काठोकाठ भरली होती, तिच्यावर पडलेलं ऊन खिडकीतून आत येऊन पलंगाच्या बरोबर वर थरथरत होतं. खिडकीबाहेरच्या दोरीवर त्याचा स्वतःचा पांढरा शर्ट वाळत होता आणि त्याची बाही वाऱ्यावर पुन्हापुन्हा वर उचलली जात होती. दारात बायको औषधाची बाटली घेऊन उभी होती. ती छताकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

“ऐकतोयस ना रे?” काकूंनी विचारलं. “सापडली का?”

“नाही, काकू,” तो म्हणाला.