मधली बादली

डाव्या बादलीत नेहमी ओट्स, उजवी नेहमी रिकामी, हे मेंढ्यांच्या अंगवळणी पडल्यावर संशोधक ब्रॉन्विनने मधोमध तिसरी बादली ठेवली. कसोटी अशी: खचलेली मेंढी तिच्याकडे फिरकत नाही, सुखातली आशेने धावते. फाटक्या कानाची मेंढी सुसाट सुटली. "बघितलंस, क्लेम? दुष्काळातसुद्धा हिची आशा मेलेली नाही!" कुंपणाला रेललेला मालक हसला. "बरं झालं सांगितलंस, डॉक्टरीणबाई. कत्तलखान्याचा ट्रक सकाळपासून खोळंबलाय, आणि एक बया फळी चढेल तर शपथ." "हिला ठेवणार होतास ना?" "पाऊस पडला तर, असं म्हणालो होतो. पडला का?" त्याने मधली बादली उचलली, ट्रकमध्ये चढून वाजवली. ब्रॉन्विन हात पसरून आडवी आली. फाटक्या कानाची मेंढी तिला ढकलून फळीवरून धावत वर गेली. मागोमाग सगळा कळप. दार लागलं तरी तिचं तोंड रिकाम्या बादलीतच होतं.