थकलेला हात

बेसबॉलच्या निवड चाचणीत दुसऱ्याच इनिंगला ज्ञानेश्वरीचं कोपर खाली यायला लागलं आणि तिचे बॉल बॅटरच्या डोक्यावरून जाऊ लागले.

"एवढ्यात हात थकला? रात्रभर मोबाईल बघत बसली होतीस का?" सुदर्शन सर सगळ्या पालकांसमोर ओरडले आणि त्यांनी तिला बाहेर काढलं. कन्नडहून तिचा खेळ बघायला आलेले वडील मान खाली घालून उभे राहिले. सरांची लेक तनुजा मात्र फटक्यांवर फटके मारून संघात आली होती.

ज्ञानेश्वरी सरांजवळ आली.

"चुकलं, सर. सकाळी तुमी तनुजाला प्रॅक्टिस द्यायला मला बोलावलं, तवाच मी बॉल जरा हळू टाकायला पायजे व्हते."