गव्हावर धरलेला मग

डर्बीशरमधल्या आमच्या क्लबात टेबलावर चिमुकल्या शिशाच्या फौजा लढतात. यंदाच्या अंतिम सामन्यासाठी विल्फने सात महिने खपून रणभूमी बनवली. केसाळ कापड आणलं, कंगव्याने विंचरलं, भादरलं, रंगवलं. कुरण इतकं हुबेहूब, की अंगणात वाळत घातलं तर शेजारची मेंढी अर्धी टेकडी चरून गेली. खोटं वाटत असेल तर मेंढीला विचारा.

सामन्याच्या दिवशी विल्फचा जीव थाऱ्यावर नव्हता. कोणी टेबलावर वाकलं की हा दचके, कोणी शिंकलं की डोळे वटारी. सकाळपासून तो चहालाही जागचा हलला नाही. तरीही अकरा वर्षांत पहिल्यांदाच चषक त्याच्या हाताशी आला होता, एका चालीचा अवकाश होता.

तेवढ्यात समोरून खेळणाऱ्या डेझमंडने आपला भलामोठा मग उचलला आणि टेबलावरच्या गव्हाच्या शेतावर किंचित कलता धरला.

"घोडदळ मागे घे, विल्फ."

"डेझ, लेका, तो गहू रंगवायला मला दोन महिने लागलेत!"

"म्हणून तर सांगतोय. हल्ली हात फार थरथरतो रे माझा."

विल्फने मगाकडे पाहिलं, गव्हाकडे पाहिलं आणि शरणागती पत्करली.


चहाची पाळी माझी होती. किटली सकाळीच जळाली, दिवसभर हॉलमध्ये चहाचा थेंब नव्हता. विल्फ एकदा जरी मागायला उठला असता, तर कळलं असतं त्याला.