घंटा थांबेपर्यंत

मतदानाची घंटा सुरू झाली तशी ती बाकावरून उठली, दोन पावलं गेली आणि परत येऊन बसली. सभागृहाच्या दारातून आमदार लगबगीनं आत शिरत होते, कुणी तोंड पुसत, कुणी फोन बंद करत. शाळांच्या निधीसाठी गिरण्यांवर कर लावणारं विधेयक शेवटच्या मतदानाला आलं होतं. घंटा थांबली की दार लागणार. मग आतला आत, बाहेरचा बाहेर.

ती विरोधी बाकांवरची. आणि तिनं बाहेर राहायचा शब्द दिला होता.

तिथली जुनी रीतच होती ती. एका बाजूचं कुणी आजारी पडलं की दुसऱ्या बाजूच्या एकानं त्याच्यासाठी बाहेर बसायचं, म्हणजे दुखण्यामुळे कुणाचं पारडं हलकं होत नाही. नियमात कुठे लिहिलेलं नाही, नुसता शब्द. विधेयक मांडणाऱ्या म्हाताऱ्या आमदारांना सगळे मास्तर म्हणत. परवा दवाखान्यात नाकातली नळी सावरत त्यांनी तिला विचारलं होतं, "बसशील का गं माझ्यासाठी? आमच्यातल्या कुणाचा उपयोग नाही. शत्रूच लागतो."

"बसते. पण लवकर बरे व्हा. पुढच्या वेळी पाडायचंय तुम्हाला."

तेव्हा सोपं होतं. सत्ताधाऱ्यांकडे मतं उतू जात होती. आज सकाळी त्यांच्यातले काही फुटले आणि सगळं तिच्या एका मतावर येऊन अडलं. ती आत गेली तर मतं समसमान, आणि तिथल्या नियमानं समसमान झाली की विधेयक पडलं.

फोन थरथरला. दीर.

"वहिनी, गेलात ना आत? इथे गिरणीत सगळे टीव्हीला डोळे लावून बसलेत."

"हं."

"हं काय? हा कर लागला तर रात्रपाळी बंद, मालकानं तोंडावर सांगितलंय. रात्रपाळीत मी आहे, वहिनी."

"माहीत आहे रे मला."

"मग पाडा की!"

तिनं फोन ठेवला. शाळांना पैसा नको, असं ती कधीच म्हणाली नव्हती. गिरण्यांच्या मानेवर पाय देऊन नको, एवढंच. काल भाषणात ती पोटतिडकीनं तेच बोलली होती आणि त्यातला एकही शब्द आज खोटा वाटत नव्हता. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

तिच्या पक्षाचा प्रतोद, मतं गोळा करायचं काम त्याचं, दारातून तीरासारखा बाहेर आला.

"ताई! अहो, काय बस चुकल्यासारख्या बसलात?" मग जवळ येऊन आवाज खाली आणला. "मास्तर गेले."

"काय?"

"आत्ता. माझा मेहुणा तिथेच डॉक्टर आहे, त्याचा फोन होता. आत अजून कुणाला पत्ता नाही. वाईट झालं, चांगला माणूस. पण ताई, तुम्ही मोकळ्या झालात. माणूसच राहिला नाही, तर शब्द कुणाला? चला, उठा."

ती उठली. खरंच उठली. उंबऱ्यापर्यंत गेली. आतली तिची खुर्ची इथून दिसत होती. शेजारचा हातवारे करून बोलावत होता. घंटा डोक्यात घुसत होती.

"भाऊ," ती म्हणाली, "ते असते तर मी फोन केला असता. मास्तर, मला सोडा, म्हटलं असतं. ओरडले असते, पण सोडलं असतं. आता कुणाला विचारू?"

"मला विचारा! मी सोडतो!"

"तुम्हाला कुठे दिला होता?"

"वेड लागलंय का तुम्हाला?" प्रतोदाचा आवाज चिरकला. "उद्या दिराची चूल विझली की वाढा त्याच्या ताटात हा शब्द!"

तिचा चेहरा उतरला. पण ती हलली नाही.

घंटा थांबली.

"मॅडम, आत की बाहेर?" दारवानाचे दोन्ही हात दोन फळ्यांवर होते.

"बाहेर."

ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, "बाहेर."

दार लागलं. कडी पडली. प्रतोद तिच्याकडे बोट रोखून तसाच उभा होता, आणि मग त्याच्या लक्षात आलं की तोही बाहेरच आहे.

"अरे, मी! मी आतला आहे!" त्यानं फळीवर थाप मारली.

"घंटा थांबली, साहेब," आतून शांतपणे आलं.

ती बाकावर जाऊन बसली. तो दुसऱ्या टोकाला येऊन बसला. तिचा पाय सारखा हलत होता. मग आत बाकं वाजायला लागली, धडाधड, भिंतीत जाणवण्याइतकी.

"झालं मंजूर," प्रतोद म्हणाला. "वरच्या सभागृहातून आधीच आलंय. आता सही झाली की कायदा. घ्या. आणि मी काय तोंड दाखवू, सांगा! प्रतोद दाराबाहेर!"

बाकं एकदम थांबली. कुणीतरी एकटंच बोलत होतं, त्यातला 'मास्तर' एवढाच शब्द कळला. मग खुर्च्या सरकल्याचा मोठा आवाज झाला, सगळ्या सभागृहाचा मिळून, आणि त्यानंतर काहीच नाही.

प्रतोद काहीतरी बोलायला तिच्याकडे वळला. ती आधीच उभी होती, बंद दाराकडे तोंड करून. मग तोही उठला आणि सदऱ्याचं वरचं बटण लावू लागला.