पहिली कोअर

"चुकलं," ती म्हणाली. "पुस्तकात असं नाहीये, बाबा."

रविवारची सकाळ होती. बाबा चष्मा कपाळावर सरकवून बसले होते. मांडीवर महामार्ग बांधकामाची परीक्षा-मार्गदर्शिका. तीस वर्षं ते रस्त्यांच्या साइटवर तपासणीचं काम करत होते, पण हातात कसलं प्रमाणपत्र नव्हतं. आता नियम बदलला होता. परीक्षा पास नसलेल्या तंत्रज्ञाची रवानगी गोदामात होणार होती. म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी हा अभ्यास. कॉलेजात साहित्य शिकवणारी मुलगी आठ रविवार त्यांची उजळणी घेत होती.

प्रश्न साधा होता. नव्या रस्त्यातून गोल ड्रिलने कापून काढलेला तुकडा, म्हणजे कोअर, मोजल्यावर थर पातळ निघाला, तर तंत्रज्ञाने प्रथम काय करावं?

"आसपास आणखी कोअर काढून खात्री करावी," तिने उत्तर वाचून दाखवलं.

"आधी पहिलीची जाडी लिहायची. पेनाने. मग पाडा हवी तेवढी भोकं." बाबांनी पुस्तक मिटलं. "पाऊलभर सरकून दुसरी काढली की बरी निघते गं. रस्ता मात्र तोच राहतो."

"पण हा पर्यायच दिलेला नाही!"

"मग पुस्तक नापास."

"त्यांच्या नादी लागू नकोस," आई आतून ओरडली. "परवा मी पडदे शिवले, तर खालची दुमड पट्टीने मोजली ह्या माणसाने. दोन मिलिमीटर कमी भरली म्हणे!"

"दोन नाही, तीन," बाबा म्हणाले.

तिघंही हसली. पुस्तकांच्या कपाटावर नेहमीच्या जागी बशीएवढी, दोन बोटं जाड, काळी कोअर पडली होती. दहावी-अकरावीत मैत्रिणी यायच्या, तेव्हा ती घाईघाईने त्या कोअरवर फुलदाणी ठेवायची. बाबांना वाटायचं, पोरीला तो तुकडा आवडतो, म्हणून सजवते. तिसरीत असताना वर्गात बाईंनी विचारलं होतं, वडील काय करतात? तिने जे पाहिलं होतं ते सांगितलं. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. "हिचे बाबा रस्त्याला भोकं पाडतात!" मधल्या सुट्टीपर्यंत ते शाळाभर झालं. त्यानंतर कुणीही विचारलं की ती एकच शब्द सांगायची. नोकरी.

सोमवारी सकाळी बाबा साइटचे बूट घालायला दारातल्या स्टुलावर बसले. एका बुटाची नाडी बांधून झाली. दुसरी तशीच राहिली.

मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जात 'व्यवसाय' असा रकाना होता. तिने सवयीने लिहिलं, नोकरी. पेन उचललं आणि तिला स्वतःची लाज वाटली. पण खोडलं नाही.

महिन्याभराने प्रशिक्षण केंद्रातून फोन आला. बाबांना तिथे शिकवणारे सर होते. मार्गदर्शिका केंद्राची होती, ती परत हवी होती. "आणि तुमच्या घरी एक कोअर आहे," सर जरा अडखळत म्हणाले. "बाबा वर्गाला दाखवायला आणतो म्हणाले होते. जमलं तर घेऊन याल?"

ती गेली तेव्हा वर्ग भरलेला होता. विशी-तिशीतली माणसं, मांडीवर हेल्मेटं. मागच्या बाकावर एक जागा रिकामी होती. तिथे कुणी बसत नसावं. तिने पिशवीतून कोअर काढून टेबलावर ठेवली. ती कोअर तिने आज पहिल्यांदा हातात घेतली होती. वाटलं होतं त्याहून जड होती.

"बाबांच्या सगळ्यात चांगल्या रस्त्याची असेल," ती म्हणाली.

सरांनी कोअर उलटी केली. तळाला पिवळा पडलेला कागद चिकटवला होता. बाबांचं टपोरं अक्षर. तारीख. जाडी ३८ मिलिमीटर. हवी ५०. नापास. खाली सही.

"मी तेव्हा त्याच साइटवर नवीन होतो," सर वर्गाला सांगू लागले. "आम्ही ह्यांना मिलिमीटर म्हणायचो. ठेकेदार म्हणाला, मिलिमीटरसाहेब, पाऊलभर सरका, दुसरी काढा, कशाला ताणताय? तोवर ह्यांनी आकडा वहीत उतरवला होता. पेनाने. मग अख्खा चार किलोमीटरचा थर उखडून पुन्हा घालावा लागला. आज इतकी वर्षं झाली, त्या रस्त्यावर एक ठिगळ नाही."

"आणि त्यांचं काय झालं?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"व्हायचं काय? महिन्याभरात बदली. पार दुसऱ्या टोकाला."

तिने पुन्हा तारीख पाहिली. ती नववीत होती ते वर्ष. भर सत्रात शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. दोन महिने ती बाबांशी एक शब्द बोलली नव्हती. त्यांनीही का, कशासाठी, हे कधी सांगितलं नाही.

"चिडले होते का ते?" तिने हळूच विचारलं.

"छे! सामान ट्रकमध्ये चढवत होते. मी म्हटलं, वाईट झालं. तर म्हणाले, वाईट काही नाही रे, फक्त पोरगी रुसलीय."

कोअर एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागली. प्रत्येकजण उलटी करून कागद वाचत होता, अंगठ्याने जाडी चाचपत होता. पहिल्या बाकावरच्या मुलीने ती दोन्ही हातांत धरली आणि मान वर केली.

"मॅडम, मोठे इंजिनिअर होते का तुमचे बाबा?"

"नाही," ती म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, ताठ मानेने. "माझे बाबा रस्त्याला भोकं पाडायचे."