पाण्याचा गिलास

"जंगलाला आग तूच लावली ना?" पत्रकाराच्या या प्रश्नाला व्हिडिओत झाडू नावाचा गावकरी लगेच "हो" म्हणतो. मोहफुलं वेचायला लोक पाला जाळतात, त्यामुळे संशय होताच. व्हिडिओ पसरला आणि त्याला अटक झाली. त्या पत्रकाराच्या चॅनलसाठी व्हिडिओतली शांतता आपोआप कापणारा प्रोग्राम फुलचूरच्या रुचिकानं लिहिला होता. झाडूची बायको भागीरथा तिच्याकडे येऊन म्हणाली, "हो म्हटल्याबरोबर त्याच्या हाती पाण्याचा गिलास कुठून आला, पोरी?" रुचिकानं मूळ रेकॉर्डिंग लावलं. प्रश्नानंतर झाडू कितीतरी वेळ मान खाली घालून बसला होता. मग कॅमेऱ्याबाहेरून भागीरथाचाच आवाज आला, "पाणी देऊ?" त्यावर तो "हो" म्हणाला. तिचं बोलणं इतकं हळू होतं की प्रोग्रामनं तेही शांतता समजून कापलं. रुचिकानं कोड सुधारून व्हिडिओ पुन्हा बनवला. भागीरथा म्हणाली, "आता गावभरच्या मोबाईलातला बी दुरुस्त कर."