हाताला बसेल असं पिस्तूल

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पद्मिनी उठली. तिने चहा ठेवला, मोरेश्वररावांच्या पायाखाली उशी सरकवली, त्यांच्या गोळ्या बशीत मांडल्या. कंबरेचं हाड बसवून सहा आठवडे झाले होते. वॉकर धरून ते आता बाथरूमपर्यंत जात. साडेसातला नणंद, सुलेखा वन्सं, रोजच्यासारखा गरम डबा घेऊन आल्या आणि विणकाम काढून भावाजवळ बसल्या. आठ वाजता वन्संचा मुलगा अंकुर खाली गाडी घेऊन आला.

अमेरिकेतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरचं पद्मिनी आणि मोरेश्वररावांचं साड्यांचं दुकान जानेवारीपासून बंद होतं. त्या महिन्यात एका संध्याकाळी तोंड झाकलेला एक माणूस पिस्तूल रोखून आत शिरला. त्याने मोरेश्वररावांना ढकललं, पद्मिनीच्या हातातल्या पाटल्या उतरवून घेतल्या आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. काय दिसलं, असं जो तो विचारी. तिने घरच्यांना आणि शेजाऱ्यांना एकच सांगितलं, भीतीने डोळे मिटले होते.

येत्या सोमवारी दुकान उघडायचं होतं आणि गल्ल्यावर तिला एकटीलाच बसायचं होतं. दार उघडलं की तोच माणूस पुन्हा आत येईल, ही धास्ती घेऊन तिथे बसणं तिला शक्य नव्हतं.

म्हणून तिने पिस्तूल बाळगण्यासाठी लागणारं कार्ड काढलं आणि महिनाभर आसपासच्या उपनगरांतली शस्त्रांची दुकानं पालथी घातली. विक्रेते काउंटरवर रिकामी पिस्तुलं मांडत. ती हातात घेण्याआधी वाकून त्यांच्याकडे समोरून बघे आणि मान हलवी. मामी वांगी निवडावीत तशी पिस्तुलं निवडते, असं अंकुर सगळ्यांना सांगत असे. पर्समध्ये मावणारं, हाताला धक्का न देणारं, थोडं वेगळ्या घडणीचं काही आहे का, असं तिने त्याला तीनदा विचारलं. तो टाळत राहिला. चौथ्यांदा मात्र त्याला राहवलं नाही. आपल्याकडे तसंच आहे, असं तो म्हणाला आणि मग वाटभर त्याचंच कौतुक करत राहिला.

उपनगरातल्या शूटिंग रेंजवर त्याने लहानशी काळी पेटी उघडली. पिस्तूल तळहाताएवढं होतं आणि पाहताक्षणी उलटं बसवल्यासारखं वाटत होतं. इतर पिस्तुलांची नळी मुठीच्या वर असते. याची नळी खाली होती, चाप ओढणाऱ्या बोटाच्या रेषेत. त्यामुळे धक्का सरळ मागे हातात येतो आणि पिस्तुलाचं तोंड वर उसळत नाही, असं अंकुरने समजावलं.

पद्मिनीने कानांवर संरक्षक चढवले.

"मामी, ते लाटणं नाहीये. इतकं आवळू नकोस, यार."

"लाटणं धरायला कोणी शिकवलं नव्हतं मला. तू बाजूला हो."

पहिली गोळी कागदाच्या कडेला लागली. धक्का आला तो कोणी पंजा हलकेच मागे ढकलावा एवढाच. दुसरी आत गेली, तिसरी तिच्या शेजारी. पाचव्या गोळीनंतर रेंजवरच्या अधिकाऱ्याने अंगठा उंचावून दाखवला. पद्मिनी हसली. जानेवारीनंतर ती पहिल्यांदाच अशी हसत होती, हे अंकुरच्याही लक्षात आलं आणि तो मनापासून खूश झाला.

परतताना तिने गाडी दुकानाकडे घ्यायला सांगितली. रेंजवर नळी सतत भिंतीकडेच धरावी लागते. हे पिस्तूल समोरच्याला कसं दिसतं ते कळल्याशिवाय घेण्यात अर्थ नाही, असं तिचं म्हणणं होतं.

दुकानात कापडाचा बंद वास साचला होता. साडी अंगावर धरून बघण्यासाठी लावलेल्या उंच आरशासमोर अंकुर उभा राहिला. त्याने पिस्तूल रिकामं केलं, दोनदा तपासलं आणि आरशावर रोखलं. पद्मिनी त्याच्या मागे, आरशात.

"तळाचा हा कोपरा असा का?" तिने विचारलं.

"काढताना बेल्टला अडकायचा. मीच कानशीने घासला, दिवाळीतच, घेतल्या घेतल्या. असं दुसरं पीस तुला कुठे मिळणार नाही. पण नवं घेतलंस तर तुलाही घासून देईन."

"तसाच राहा जरा. अनयाला फोटो पाठवते. मॉरिसव्हिलला बसून काळजी करत असते माझी."

अंकुरने हसत खांदे सरळ केले. आरशात तो पूर्ण दिसत होता आणि पिस्तुलाचं तोंड नेमकं मध्यभागी होतं. पद्मिनीने दोन फोटो काढले.

"मग, पसंत?"

"हो. हेच शोधत होते."

त्याने पिस्तूल पेटीत ठेवायला घेतलं. बाहेर एक बस थांबली आणि पुढे गेली. वन्सं या वेळी मोरेश्वररावांना भात कालवून देत असतील, असं तिच्या मनात आलं. फोनवर लेकीचं, अनयाचं नाव सर्वांत वर होतं. तिचा अंगठा ते ओलांडून खाली गेला आणि त्या संध्याकाळी आपले डोळे उघडेच होते हे तिने ज्या एकाच माणसाला सांगितलं होतं, त्या तपास अधिकाऱ्याच्या नावावर थांबला. फोटोंखाली तिने शांतपणे दोन ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या: "पिस्तूल हेच, तोच घासलेला कोपरा. फोटोतला माणूस माझ्या नणंदेचा मुलगा आहे."